वालूरच्या बायकांचे दहापैकी दहा

वालूरच्या महानंदाकाकूंचं नाव सगळ्यात आधी लिहिते. वालूरला त्यांच्या मालकांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागं घर. या काकू माझ्यासाठी एकदा परभणीच्या ऑफिसात येऊन जे बोलल्या, ते माझ्या सख्ख्यांपैकीही कुणी बोललं नसतं. आता काय झालं ते सांगते.

मी सेलूच्या एसटी स्टँडवर पाथरीच्या गाडीची वाट बघत होते. गिरी सरांचा फोन आला. गिरी सर आमचे परभणीचे सुपरवायझर.

"रेश्मा, कुठं आहेस?"

"पाथरीला निघालेय सर. उद्यापासून तिथलं सॅम्पल आहे ना."

"जाऊ नको. तुझा आयडी ब्लॉक झालाय. वालूरचं सगळं काम फेक निघालंय."

फेक म्हणजे घरी बसून भरलेलं. कुणाला न भेटता, न विचारता. आमच्या धंद्यात याच्याइतकी वाईट शिवी नाही. चोरी केलेल्याला दुसरीकडं काम मिळेल, फेकवाल्याला मिळत नाही. नावं या कंपनीतून त्या कंपनीत कळवली जातात. टॅबची पिशवी मी खाली ठेवली. पाथरीची गाडी आली आणि गेली.

आमचं काम काय ते आधी सांगते. सिरीयल बाहेर येण्याआधी तिचा एक भाग तयार करतात. त्याला पायलट म्हणतात. तो पायलट, किंवा न आलेला अख्खा सिनेमा, आम्ही टॅबवर घेऊन गावोगाव जातो, लोकांना दाखवतो आणि त्यांचं मत फॉर्मवर भरून घेतो. मत म्हणजे मार्क. गोष्ट कशी वाटली, एक ते दहा. नायिका कशी वाटली, एक ते दहा. पुढचा भाग बघाल का, एक ते दहा. शेवटी एक रिकामा चौकोन असतो, त्यात माणसाचे स्वतःचे शब्द लिहायचे. सिनेमांची खरी नावं आम्हालाही सांगत नाहीत. फाईल ए, फाईल बी, फाईल सी एवढंच.

मी मूळची कोकणातली, दोडामार्गची. नववीत शाळा सुटली, तिची कारणं इथं नकोत. नवरा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे, म्हणून या मुलखात आले. इथली भाषा कळायला मला वर्ष लागलं. या कामाला बारावी पास लागते. माझ्या अर्जात ती नव्हती. गिरी सरांनी मला एक आठवडा ट्रायलवर घेतलं आणि मग वर लिहून दिलं की ही बाई लोकांना बोलतं करते, हिला राहू द्या. त्यामुळं प्रत्येक फॉर्म भरताना मला धाकधूक असायची. बारावीवाल्या मुलीची एक चूक ही चूक असते. माझी एक चूक म्हणजे, बघा, नववीवाली घेतली की असं होतं.

वालूरला मी सहा दिवस होते. नियम असा की घरोघर जायचं. प्रत्येकीला तिच्या घरी, एकटीला दाखवायचं, म्हणजे एकीचं ऐकून दुसरी मत देत नाही. पहिल्या दिवशी मी तसंच केलं. एका घरात सासू समोर बसली, एका घरात टॅबची बॅटरी गेली, एका घरात बाई कापूस वेचायला निघालेली. एकही फॉर्म पुरा झाला नाही. दुपारी पाणी प्यायला अप्पांच्या दुकानाशी थांबले तर काकूंनी आत बोलावलं. म्हणाल्या, "उन्हात कामून फिरायलीस? इथं बस. बाया हिकडंच येत्यात."

आणि खरंच आल्या. काकूंच्या पडवीत पंखा होता, प्लग होता. कामं आटपून एकेक बाई यायची, मी तिला बाजूला बसवून दाखवायचे, फॉर्म भरायचे. अकरा बायका झाल्या. मी मनाशी म्हटलं, एकटीला दाखवतेय ना, मग घर कुणाचं का असेना. ही माझी चूक. आधीच कबूल करते.

दुसरी गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. सगळ्या दहा देत होत्या. गोष्ट दहा, नायिका दहा, गाणं दहा. रिकाम्या चौकोनासाठी विचारलं की, "चांगलं हाय, बाई." मी पुन्हा विचारायचे, नियमाप्रमाणे दोनदा. "लय चांगलं हाय." तेच लिहायचे.

मग टॅब बंद करून पिशवीत जायचा, काकू चहा टाकायच्या, आणि खरं बोलणं सुरू व्हायचं.

फाईल ए ही खेड्यातली सिरीज होती. तिच्यात नायिका कापूस वेचताना गाणं म्हणते. शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, कमरेला वटी बांधली न्हाई, मग ती वेचलेला कापूस ठेवायली कुठं? वटी म्हणजे कापूस टाकायला पोटाशी बांधतात ते फडकं. दुसरी म्हणाली, अन् नखं बघितली का तिची, बोंडात हात घातला तर नखं तिथंच राहत्याल. खूप हसल्या. फाईल बी पोलिसांची होती, खुनाची. ती कुणालाच पटली नव्हती. खून कुणी केला हे सोजरबाईंना पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, पण त्यांचा राग वेगळाच होता. माणूस मेलं अन् घरात कुणी रडंना, सगळे नुसते एकमेकांकडं बघायलेत. आमच्यात म्हैस मेली तरी शेजारीण येऊन बसती.

फाईल सी सिनेमा होता. म्हातारा-म्हातारी, मुलं परदेशात. तो मला स्वतःला फार आवडला होता. घरी बघताना मी रडले होते, आईची आठवण येऊन. पण आमचं मत आम्ही सांगायचं नसतं. काकू म्हणाल्या, "म्हातारा चार येळा जेवला. ती चारी येळा उभी. तिनं कवा खाल्लं ते दावलंच न्हाई. ज्यानं लिवलं त्यानं घरात कवा इचारलंच नसंल."

मी घरी जाऊन हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं. कशासाठी, सांगता येत नाही. सिनेमा बघून मला जे वाटलं होतं त्यापेक्षा यांना जास्त दिसलं, म्हणून असेल. आणि फॉर्म मात्र दहा-दहाचे पाठवून दिले.

फोन आल्यावर मी पाथरीऐवजी परभणीची गाडी धरली. गिरी सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. अकरा फॉर्म, सगळ्यांत दहा. याला आमच्यात सरळ रेघ म्हणतात. खरी माणसं कधी सरळ रेघ मारत नाहीत, असा मुंबईच्या ऑफिसचा हिशोब. त्यात टॅबमधल्या नकाशावर अकराच्या अकरा मुलाखती एकाच ठिपक्यावर. मी पडवीचं सांगितलं. सर म्हणाले, "तेवढ्यावर मी भांडलो असतो गं. पण बॅक-चेकमध्ये काय आलंय बघ."

बॅक-चेक म्हणजे फॉर्म भरून दिलेल्यांना मुंबईहून फोन करतात, खरंच कुणी आलं होतं का विचारतात. मुंबईहून सहा बायकांना फोन गेला होता. सहाही जणींनी सांगितलं होतं, अशी कुणी बाई आलीच नाही. आम्ही काही बघितलं नाही.

पहिलंच नाव महानंदाकाकूंचं होतं.

तिथून उठून बाहेर कशी आले आठवत नाही. त्यांच्या पडवीत मी सहा दिवस बसले होते. त्यांच्या हातचं खाल्लं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, लोक असेच असतात, सोड. मला सोडता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी वालूरला गेले. भांडायला नव्हे, फक्त विचारायला.

काकू दळण निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मग काय सांगाव?" त्या म्हणाल्या. "एक बाप्या इचारायला लागला, ती बाई किती येळ बसली? तुमच्याकडून काही घेतलं का? तुमी तिला काही दिलं का? म्या म्हणलं, हिनं इथं चहा पेलाय, भाकर खाल्लीय, कामाच्या टायमाला बसली, आता पोरीची नोकरी जाती. म्हून म्हणलं, आलीच न्हाई. समद्यांना बी तसंच सांगून ठिवलं."

म्हणजे मला वाचवायला. तो माणूस विचारत होता की मी लाच म्हणून काही घेतलं किंवा दिलं का, हा ठरलेला प्रश्न आहे. आणि या बायकांनी ठरवलं की पोरगी मुळात आलीच नव्हती म्हटलं की विषय संपला.

मी विचारलं, आणि दहापैकी दहा?

"अगं माय, तू कुठल्या कुठून ते घेऊन आलीस. पावण्यानं आणलेल्याला तोंडावर नावं ठिवावं का?"

मी रडायला लागले. हा सिनेमा मी केलेला नाही काकू, मी फक्त दाखवणारी, असं म्हणाले. हे सहा दिवसांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं ते कळतंच.

काकू आत जाऊन आल्या. अप्पांना म्हणाल्या, परभणीला जाऊन येते. अप्पा म्हणाले, फोनवर सांग की. त्या म्हणाल्या, फोनवरच तर वाटोळं झालंय.

परभणीला पोचेपर्यंत दुपार झाली. काकू याआधी कुठल्या ऑफिसात गेल्या नव्हत्या. गिरी सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. काकूंनी चहा घेतला नाही, पूजा व्हायचीय म्हणाल्या. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि सकाळी मी गेले तेव्हा ती राहून गेली होती. हे मला तिथं खुर्चीत बसल्यावर कळलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "म्या फोनवर खोटं बोलले. बाकीच्या पाच जणींना म्याच शिकवलं. ही पोरगी सहा दिवस आमच्या घरी होती. पिच्चर बी बघितले. मार्क खोटे हायेत, ते बी आमचेच."

गिरी सरांनी विचारलं, मग खरे मार्क किती?

काकूंनी एकेक सांगितलं. वटीचं, नखांचं, न रडणाऱ्या घराचं, उभ्या राहिलेल्या म्हातारीचं. मी वही पुढं ठेवली. सर वाचत गेले. एका ठिकाणी हसले, मग बराच वेळ हसले नाहीत. म्हणाले, "रेश्मा, हे चौकोनात लिहिलं असतंस तर या तालुक्यातला हा सगळ्यात चांगला रिपोर्ट झाला असता."

त्यांनी मुंबईला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मॅडम शांत होती, वाईट बोलली नाही. तिचं म्हणणं असं: वहीची नोंद नंतरची, ती धरता येत नाही. ज्यांनी बॅक-चेकला एक सांगितलं आणि आता दुसरं सांगतात, त्यांचं कुठलं खरं धरायचं? आणि पडवीत मुलाखती घेतल्या हे तर खरंच आहे ना? गिरी सर म्हणाले, त्या बाई स्वतः इथं आल्यात. मॅडम म्हणाली, तोच तर प्रश्न आहे सर, त्या हिच्या ओळखीच्या आहेत.

काकूंना मराठी-इंग्रजी मिसळलेलं ते बोलणं अर्धंच कळलं. पण शेवटचं कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पदर नीट केला आणि उठल्या.

निकाल असा लागला. वालूरचं सगळं सॅम्पल रद्द. सोजरबाईंचं, काकूंचं, अकराही जणींचं मत कुठंच गेलं नाही. गिरी सरांनी खूप भांडून माझ्या नावापुढचा फेक हा शब्द काढायला लावला. त्याऐवजी 'नियमभंग' लिहिलं. त्यांचे उपकार आहेत. तरी आयडी बंदच राहिला. फाईल ए आता सिरीयल होऊन चालू आहे. मी एक भाग बघितला. नायिका अजून वटी न बांधता कापूस वेचतेय. मी टीव्ही बंद केला. आता मी एका शाळेत खिचडी शिजवते. तिथं कुणी मत विचारत नाही.

या कामात कुणी नवीन येणार असेल तर एवढंच सांगेन. टॅब उघडण्याआधी म्हणा की हे मी केलेलं नाही, याला नावं ठेवली तर मला राग येणार नाही. आणि कुणाचा फोन येईल, तो काय विचारेल, हेही सांगून ठेवा. ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत, कारण ट्रेनिंग देणाऱ्यांच्या घरी पाहुण्याला तोंडावर बोलत असतील.

नंतर कळलं की वालूरात ही गोष्ट पसरली. दुकानावर बसणारे बाप्ये काकूंना चिडवतात, काय काकू, आज खरं बोलायल्यात का फोनवरलं? ज्यांच्या शब्दावर गावात माप न बघता माल घेतात, त्या अप्पांच्या घरातली बाई. त्या हसून घेतात म्हणे. मला अजून तिकडं जायचा धीर झालेला नाही. सेलूहून वालूर जवळच आहे, सगळ्यांना माहीत आहे. मला ते दोडामार्गपेक्षा लांब वाटतं. पण एक दिवस मी जाणार आहे. भर बाजाराच्या दिवशी, दुकानावर सगळी माणसं असताना. त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार आहे की खोटं माझ्यामुळं बोललं गेलं, आणि खरं बोलायला उपाशीपोटी परभणीपर्यंत गेली ती ही एकटी बाई. काकू, तेवढं तुमचं माझ्याकडून येणं आहे. ते मी देईन.