कबरींची फेरी आणि माझी भावजय

आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, वर्धापनदिन जानेवारीतल्या एका रविवारी असतो. त्या दिवशी उपासना संपली की जेवणाआधी सगळे चालत कबरस्तानात जातात. याला आम्ही फेरी म्हणतो. ठरलेल्या कबरींपाशी थांबायचं, तिथं निजलेल्या माणसाची हकिगत ऐकायची, गीताचं एक कडवं म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आमच्या मंडळीचा इतिहास कुणी छापलेला नाही. तो असा वर्षातून एकदा, उन्हात उभं राहून, तोंडी सांगतात. आधी माझे वडील सांगत. ते गेल्यावर मी सांगू लागले. मला कुणी नेमलं नव्हतं, पण नेमायला कशाला हवं? घरचंच काम होतं ते.

यंदा नाताळच्या आधी चर्चचे नवे पाळक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, या वर्षी फेरी तुमच्या भावजयीला सांगू द्या. परवा महिला मंडळात फार छान बोलल्या त्या. तुमचं काय, आता सगळ्यांना पाठ झालंय."

पाठ झालंय! पाठ झालंय म्हणून कुणी प्रभूची प्रार्थना बदलतं का? हे मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं म्हणाले, "हो हो, तिलाही संधी मिळायलाच हवी." आणि बिस्किटांची बशी दुसऱ्यांदा पुढे केली नाही.

भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. निफाडकडची. तिच्या माहेरची मंडळी एका घराच्या ओसरीवर भरायची. पाऊस आला की चटया उचलायच्या आणि आत जायचं. घंटा नाही, वेदीपुढचा कठडा नाही, रंगीत काचा नाहीत. आणि आमच्या चर्चची घंटा बोटीनं आलेली, घाटातून बैलगाडीनं आणलेली! तिचा इतिहास ही सांगणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वर तिचं ते "लय" आणि "नाय". मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तर माझं सगळ्यांना पाठ झालेलं, आणि हिचं छान.

खरं सांगायचं तर माझा तिच्यावरचा जळफळाट नवा नाही. तिच्या भाकऱ्या फुगतात, माझ्या फुगत नाहीत, हे एक वेळ सोडून दिलं. पण आईची शेवटची वर्षं तिच्या वाट्याला गेली, ते मला सोडवत नाही. भावाचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत आणि मी नाशिकरोडला. रविवारी उपासनेनंतर डोकवायचे तर त्या दोघी परात मध्ये घेऊन द्राक्षं निवडत बसलेल्या. दर महिन्याला प्रभूभोजनात येशूची आठवण म्हणून सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेतात. तो आमच्याकडे विकतचा आणत नाहीत, आईच करायची. भावजयीच्या माहेरहून हंगामात घडांतून गळालेले मणी यायचे. ते धुवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे आणि वर्षभरासाठी बाटल्या भरून ठेवायच्या. मी उंबरठ्यावर पाय ठेवला की त्यांचं बोलणं थांबे. "काय चाललंय?" म्हटलं की आई म्हणे, "काय नाही गं, द्राक्षं." द्राक्षं तर मलाही दिसत होती. आई गेल्यावर रस करायचं कामही तिच्याकडेच गेलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तर फेरीचा दिवस उजाडला. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभी राहिले, हाताची घडी घालून. वडिलांनी लावून दिलेला क्रम असा: पहिल्यांदा घंटा आणणारे गोरे पाळक, मग शाळा काढणारे मास्तर, मग माझे आजोबा, ज्यांनी चर्चच्या भिंतींसाठी दगड घडवून घेतला, आणि शेवटी माझी आजी. चर्चमध्ये उभं राहून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी ती आमच्यातली पहिली बाई. आजीपाशी वडील सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. मीही थांबायचे. मग आम्ही जेवायला परत फिरायचो.

भावजयीनं घंटा दोन वाक्यांत उरकली. मला राहवेना. "घाटात बैल बसला होता, ते राहिलं," मी मागून म्हणाले. काही जण हसले.

"हो की! राहिलंच," ती म्हणाली. "सांगा ना ताई, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. पण उसन्या जागेवर उभं राहून सांगण्यात काय गोडी? आजोबा झाले, आजी झाली. लोक फाटकाकडे वळू लागले, तर ही कुंपणाच्या बाजूला चालायला लागली. तिथं कडुनिंबाखाली आईची कबर आहे. तिथं मी कधी थांबत नसे. थांबून सांगणार काय? तिनं ना घंटा आणली, ना शाळा काढली.

"आपल्या आई पेठकडच्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या," भावजय म्हणाली. "लग्न होऊन इथं आल्या आन् पहिल्याच महिन्यात प्रभूभोजन आलं. आता हाय तसाच तवाबी एकच प्याला. सगळे कठड्याशी गुडघे टेकून, आन् पाळक एकेकाच्या ओठाला प्याला लावत पुढं जायचे. आई प्यायल्या. त्यांच्या शेजारच्या बाईनं तोंड फिरवलं. डोंगरातल्या माणसाचं उष्टं नको म्हणून. पाळक काय बोलले नाय. कुणीच काय बोललं नाय. पुढच्या महिन्यापासून आई कठड्याच्या टोकाला, भिंतीशी बसायला लागल्या. सगळ्यात शेवटी. म्हणजे त्यांच्या मागून कुणाला प्यायलाच नको, आन् कुणाला तोंड फिरवायचं पाप लागायला नको. पुढं माणसं बदलली. आई मातर मरेपर्यंत शेवटीच जायच्या. मला वाटतं, आपल्या मंडळीचा हाबी इतिहास हाय."

मग मागून एका म्हाताऱ्या बाईनं कडव्याचा सूर धरला आणि सगळ्यांनी तो उचलला.

आई शेवटी जायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आम्हाला वाटायचं, नंतर प्याला धुवायचं काम तिचं, म्हणून ती मागे थांबते. मी हे चार लोकांत कौतुकानंही सांगितलंय, की आमची आई अशी कामाची, उपासनेतही तिला भांड्यांची काळजी.

वाचणाऱ्याला वाटेल, त्या वेळी मला रडू आलं असेल. नाही आलं. माझा नुसता जळफळाट झाला. आईनं हे हिला सांगितलं. द्राक्षं निवडता निवडता, परक्या घरून आलेल्या पोरीला सांगितलं. मी पोटची, आणि मला काय मिळालं? काय नाही गं, द्राक्षं.

जेवणाच्या मांडवामागे ती पत्रावळी गोळा करत होती. तिथं मी तिला गाठलं. "आईनं मला का नाही सांगितलं?"

तिनं टाळलं नाही. "मीबी विचारलं होतं त्यांना. म्हणलं, ताईंना सांगा की. तर म्हणाल्या, तिला तिच्या बापाचं सगळं पाठ हाय. आता तिथं माझ्यासाठी जागा नाय."

"आणि ती बाई? तोंड फिरवणारी?"

"नाव नाय सांगितलं कधी. पुढच्या बाकावरची, एवढंच म्हणायच्या."

पुढचा बाक आमचा. त्या काळी त्या बाकावर बायकांपैकी एकटी आजी बसायची, म्हणजे आईची सासूच. आता मी बसते. भावजयीला हे पुरतं ठाऊक होतं. सकाळी आजीच्या कबरीपाशी उभं राहून तिनं आजीच्या शास्त्रवाचनाचं कौतुक केलं, माझ्यापेक्षा बरंच केलं, आणि पुढच्या बाकाचा उल्लेख गिळून टाकला. माझ्यासाठी गिळला. तिच्या या चांगुलपणाचा मला जेवढा राग आला, तेवढा फेरी गेल्याचाही आला नव्हता.

मी मनाशी ठरवलं, की इतिहास तिनं सांगितला तर सांगू दे, आईची जागा मात्र मी घेणार. ती माझी आहे.

पुढच्या महिन्यात प्रभूभोजनाच्या वेळी मी बाकावरून उठलेच नाही. आमच्या रांगेला खूण झाली, शेजारीण ढोसत होती, तरी नाही. सगळे जाऊन आले. कठडा रिकामा होत आला तेव्हा मी उठले आणि सरळ भिंतीकडच्या टोकाला गेले.

तिथं भावजय गुडघे टेकून बसलेली होती.

आई गेल्यापासून ती तिथं बसते, हे मला पाळकांनी नंतर सांगितलं. मी पहिल्या रांगेत पिऊन, डोळे मिटून प्रार्थनेला बसणारी. मला कधी दिसलं असणार?

"सरक," मी हलक्या आवाजात म्हणाले.

"ताई, तुम्ही अलीकडं बसा ना. इथं मी असते."

"ती माझी आई होती."

पाळक प्याला घेऊन आमच्यापुढे येऊन थांबले होते. आम्ही दोघी पोरींसारख्या कोपरानं कोपर ढकलत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पदर सावरून अलीकडे सरकली. मी भिंतीशी बसले. ती प्यायली. मग प्याला माझ्याकडे आला.

तळाशी थोडाच रस होता, तो मी संपवला. चांगला झाला होता. आईच्या हातचा व्हायचा, अगदी तसा. तेही तिलाच जमतं.