मुखवट्याची शिलाई

थोरल्या जाऊबाईंची शिलाई उसवत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. पिशव्या, खोळी, दुकानांच्या ताडपत्र्या, काहीही द्या. पण एकदा तिनेच शिवलेली धाकटीची पिशवी भर बाजारात फाटली, बटाटे रस्ताभर झाले. तेव्हापासून धाकटी येता-जाता टोमणा मारी, "ही शिलाई की थट्टा?" ते थोरलीच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणूनच नणंदेने व्हिडिओचं खूळ काढलं, तेव्हा मुखवट्याचं काम थोरलीने ओढून घेतलं. नणंद वाचनालयात कामाला. तिथल्या एका कादंबरीने तिला पार झपाटलं होतं: हवा विषारी झालीय, जगात एकच बाई उरलीय, ती रिकाम्या गोदामातून दारापर्यंत जाते आणि कोसळते. ती बाई धाकटी होणार होती. थोरलीने जाड रेक्झिनचा मुखवटा शिवला. डोळ्यांना प्लास्टिक, तोंडाशी भोकं पाडलेला डबा. डबा टोचू नये म्हणून आतून रेक्झिनचंच अस्तर. धाकटीने घरी घालून पाहिला, झकास बसला.

गोदामात मोबाइल स्टँडवर चढला आणि नणंद कुरकुरली, "थोरल्या वहिनी, मानेशी फट दिसतेय. विषारी हवेत फट चालेल का?"

थोरलीने सुईत नायलॉनचा दोरा ओवला आणि मुखवटा धाकटीच्या अंगावरच कोटाच्या कॉलरला शिवून टाकला. दुहेरी टाका. "आता नावं ठेव म्हणावं," ती पुटपुटली.

धाकटी चालू लागली. खांबापाशी अडखळली, गुडघ्यांवर आली, जमिनीवर हात आपटू लागली.

"काय अभिनय करताहेत!" नणंद कुजबुजली.

थोरली रेक्झिनकडे पाहत होती. ते गालांना चिकटलं होतं, फुगतच नव्हतं. आणि कोसळायचं होतं दाराशी. तिला एकदम उमगलं. घरी हवा येत होती ती मानेच्या फटीतून. भोकं तिच्याच अस्तराने बुजवली होती, फट तिच्याच सुईने.

"वहिनी, मधे जाऊ नका!" नणंद ओरडली. थोरली केव्हाच धावली होती. कात्री राहिली घरी, मशीनवर. तिने टाका ओढला, तुटेना. नख घातलं, नखच मोडलं. जन्मभर मिरवलेली शिलाई आज धाकटीच्या जिवावर उठली होती.

"उसव गं बाई, एकदा तरी उसव," म्हणत तिने दोरा दातांत धरला. ती दातांनी दोरे तोडते म्हणून धाकटी नेहमी नाक मुरडायची. एक टाका तुटला, मग दुसरा. बोटं आत खुपसून तिने सगळा जोर लावला आणि मुखवटा टराटरा फाडला.

धाकटीने ओरडल्यासारखा श्वास घेतला. थोरलीच्या मनात आलं, आता लोक म्हणणार, जावेने दावा साधला. तिला रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने धाकटीने डोळे उघडले. थोरलीच्या ओठावर रक्त होतं, त्यात दोऱ्याचा तुकडा. धाकटीने तो अलगद काढला.

"जाऊबाई," ती धापा टाकत म्हणाली, "त्या पिशवीचं कापड फाटलं होतं. शिलाई शाबूत होती. मला तेव्हाच दिसलं होतं."

थोरलीने तिला एक चापट मारली आणि घट्ट जवळ धरलं.