कुंदाबाईंनी झाडलेलं जळकं रान

शिरपूर तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या शाळेत कुंदाबाईंनी बावीस वर्षं झाडू मारला. मग शाळाच बंद झाली आणि घरी बसून बाईंचा जीव आंबला.

मार्चात मागच्या डोंगराला वणवा लागला. तो विझल्यावर धुळ्याच्या कॉलेजातली मृणाली आली. किती पालापाचोळा जळला याचा अंदाज उपग्रह वरून देतो. तो खरा की खोटा, हे तिला जमिनीवर तपासायचं होतं. तिने जळक्या रानात सुतळीचे बारा चौकोन आखले. आतली राख, अर्धवट जळलेली पानं-काड्या तोलायचा काटा चार दिवसांनी येणार होता. तोवर राखण कुंदाबाईंची.

"नीट झालं तर पुढचे दोन उन्हाळे काम तुमचंच, अक्का."

काम तर हवंच होतं. पण उभा जन्म केर काढायचा पगार घेतला, आता केर राखायचा? बाईंचं डोकं चालेना. दोन दिवस त्यांनी इमानेइतबारे शेळ्या हाकलल्या. तिसऱ्या दिवशी मृणालीचा फोन आला, "उद्या येते. उपग्रहही उद्याच आपल्यावरून जाणार."

आत्ता कुठे बाईंना उमगलं! शाळेची तपासणी असली की आदल्या दिवशी पटांगणात काडी दिसता कामा नये, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

सकाळी मृणाली काटा घेऊन आली. बाराही चौकोन लख्ख झाडलेले, वर सडा घातलेला.

"अक्का, हे काय केलंत?"

"ताई, वरतून फोटू निंघस ना? म्हणीसन बठ्ठं झाडी टाकं."

"अहो, तोच केर मोजायचा होता! टाकलात कुठे?"

बाईंनी नाल्याकडे बोट दाखवलं. काम गेलं, एवढं त्यांना कळलं. का गेलं, ते कळेना. डोळे भरून आले.

"मनं काय चुकनं, ताई? साफ तर शे."

मृणालीने काटा बाजूला ठेवला. "चुकलं माझंच. का राखायचं ते मी सांगितलंच नाही. चला, पलीकडच्या उतारावर पुन्हा आखू. झाडू मात्र माझ्याकडे द्या."

दुपारी नवे चौकोन झाले. तेवढ्यात वाऱ्याने सागाचं एक न जळलेलं पान चौकोनात आणून टाकलं. बाईंचा हात सवयीने पुढे झाला आणि तिथेच थांबला.

"ताई, हाई पान बाहेरनं शे. मोजानं का काढानं?"

मृणालीने पानाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि तीही घोटाळली.

"पुढचे दोन्ही उन्हाळे तुम्हीच या, अक्का," ती म्हणाली.

पानाचं काय करायचं, ते मात्र दोघींनाही ठरवता येईना.