नकोकाकांच्या शेवटच्या बारा डिस्क

पुस्तकं, गाणी आणि सिनेमे विकणाऱ्या एकाच नावाच्या चाळीस दुकानांची साखळी होती, तोवर नकोकाकांचा स्वभाव मालकांना परवडत होता. काका सिनेमांच्या काउंटरवर. गिऱ्हाइकानं डिस्क उचलली की विचारायचे, "घरात कोण कोण बघणार?" आणि मग, "छे, हा नको." नाव पडलं ते असं. स्वतः बघितल्याशिवाय सिनेमा विकायचा नाही हा त्यांचा नेम, आणि आवडला नसेल तर विकणं अगदी जिवावर यायचं.

पुढे लोक घरबसल्या फोनवरच सिनेमे बघू लागले आणि साखळीला उतरती कळा लागली. आता दोनच दुकानं उरली होती, त्यातलं हे रविवारी बंद होणार होतं. मॅनेजर काकांच्या मुलीएवढी. तिनं निक्षून सांगितलं, "काका, तुमचं कपाट रिकामं झालं तर दुसऱ्या दुकानात तुमची जागा पक्की. नाहीतर माझे हात बांधलेत." निवृत्तीला तीन वर्षं होती, या वयात दुसरं कोण विचारणार? काकांच्या पोटात काही राहत नसल्यानं ही गोष्ट आठवडाभरात सगळ्या गिऱ्हाइकांना कळली. बायकोनं डबा देताना बजावलं, "आज तोंडाला कुलूप."

रविवारी संध्याकाळी एकाच सिनेमाच्या बारा डिस्क उरल्या. सिनेमा इतका टुकार, की आपलंच काही चुकलं असेल म्हणून काकांनी तो दोनदा बघितला होता.

तेवढ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. पंधरा वर्षं त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता.

"सगळ्या द्या. कसा आहे?"

मॅनेजर शेजारीच उभी. काका डिस्ककडे बघत म्हणाले, "बरा आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या तोंडून 'बरा' पहिल्यांदाच ऐकतेय. बांधा."

नोकरी वाचली, पण काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गठ्ठा घेऊन ते दारापर्यंत गेले आणि त्यांना राहवेना. "बाई, खोटं बोललो. बघू नका हा."

"कशावर बघणार? माझं मशीन दोन वर्षांपूर्वीच बंद पडलंय."

"आणि मी दर रविवारी तासभर, हा नको, तो न्या..."

"तेच ऐकायला यायचे हो," बाई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या दुकानाला कुठल्या बसनं जायचं, तेवढं सांगा."