अक्रोडाचं बिरडं

कळव्याच्या रंगूबाईंच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की त्याचा निकाल लागल्याशिवाय बाईंच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. मुरबाडकडचं माहेर, शिक्षण चौथीपर्यंत, पण चौकसपणा मात्र पदवीधर! आणि यंदा प्रश्न पडला तोही असा, की त्यावर घरधन्याची तब्येत टांगलेली.

झालं काय, उत्तमराव टायफॉइडमधून उठले ते तोंडाची चव अंथरुणातच विसरून. भात कडू, दूध कडू, साखरेवरसुद्धा संशय. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली. नौपाड्याच्या डॉक्टरांनी दम भरला, "काका, वजन आणखी उतरलं तर सरळ ॲडमिट करणार. अक्रोड खा, थोड्या खाण्यातही ताकद येईल."

सूनबाई सोनलनं त्याच दिवशी फोडलेले अक्रोड आणले. उत्तमरावांनी एक चावला आणि काडेचिराइताचा काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

"अगं, हे जहर आहे!"

"तुम्हाला काय, सगळंच जहर लागतं," म्हणत रंगूबाईंनी एक आपल्या तोंडात टाकला. आणि थबकल्या. गोडाच्या मागून चोरपावलांनी कडवटपणा येत होता की! त्यांनी नखानं तपकिरी साल खरवडून चाखली. कडू. आतला पांढरा गर चाखला. लोणी!

"अहो, तुमची जीभ यावेळी खरं बोलली! कडूपणा सालीत आहे."

आता साल काढायची म्हटल्यावर मुरबाडची लेक काय करणार? जन्मभर कडव्या वालांचं बिरडं सोललेलं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून चिमटीत दाबायचे, की सोललेला दाणा, म्हणजे डाळिंबी, टुणकन बाहेर. मूठभर अक्रोड रात्रभर भिजले आणि सकाळी गाठोडं होऊन उबेला गेले.

सोनल हसून हसून बेजार. "आई, फोडलेल्या अक्रोडाला मोड येणारेत?"

"मोड नकोत गं मला. उबेनं साल सुटते का ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी गाठोडं सुटलं. आत सगळं चिकट, आंबूस.

"आले का मोड?" सोनलनं ऑफिसला निघता निघता विचारलं.

"वास आला," रंगूबाई म्हणाल्या आणि गाठोडं उकिरड्याला लावलं.

पण हार मानतील तर त्या रंगूबाई कसल्या! उबेनं नाही, तर चटक्यानं. रविवारी उरलेल्या अक्रोडांवर त्यांनी उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि जरा वेळानं एक उचलून सुईचं टोक सालीखाली घातलं. साल ओल्या कागदासारखी उचलून आली! मात्र वाल कसा गुळगुळीत, अक्रोड म्हणजे शंभरीच्या म्हातारीचा चेहरा. सुरकुतीत साल अडून बसायची, आणि गार झाला की पुन्हा चिकटायची. त्यात बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन लांबलेलं.

दिवाणावर आडवे पडलेले उत्तमराव बघत होते. कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून गेलेला माणूस, अर्धवट काम बघवेना.

"अगं, त्या घडीत राहिलीय."

"कुठल्या?"

"ती काय, डावीकडची!"

"मला नाही दिसत. एवढी हौस आहे तर काढा तुम्हीच."

उत्तमराव कुरकुरत उठले, चष्मा लावला, परात पुढ्यात ओढली. बिरडं सोलताना मुक्यानं बसायचं नाही, ही मुरबाडची रीत. रंगूबाईंनी आपल्या आतेचं लग्न काढलं. वरातीचा बैल उधळून नवरदेवासकट ओढ्यात कसा गेला, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा नवऱ्याच्या हातात अक्रोडाचे दोन तुकडे झाले. मोडका तुकडा परातीत परत कोण ठेवतो? तो गेला तोंडात.

रंगूबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. जबडा हलत होता. तोंड वाकडं झालं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं नवरदेवाला ओढ्यातच ठेवून बैलाची सात पिढ्यांची माहिती सुरू केली.

पुढचा अक्रोड मोडला. त्याच्या पुढचाही. एवढे कसे मोडतात, हे विचारायची बाईंना भलतीच उबळ आली, ती त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

"आई, झाले का सोलून? वाटी देऊ?" सोनल आतून डोकावली. रंगूबाईंनी डोळे वटारून तिला गप्प केलं. परातीत नुसती सालं होती.

"वाटी राहू दे," उत्तमराव मान वर न करता म्हणाले. "पाणी उकळ अजून. आणि हिला विचार, तो नवरा बाहेर निघाला का नाही."