एकशे दहा सेकंद

सेकंदरावांचं खरं नाव त्यांच्या ऑफिसातही कुणाला चटकन आठवायचं नाही. शहरातल्या सिग्नलना वेळा लावून देणं हे त्यांचं काम, आणि तोंडी सदा तेच. चहा किती उकळायचा हेसुद्धा गृहस्थ सेकंदांत सांगायचे. बायको म्हणे, लग्नाला होकार द्यायला मात्र दोन वर्षं लावली, तेव्हा कुठे गेले होते सेकंद!

मोठ्या दवाखान्यासमोर, दोन चौकांच्या मधोमध, त्यांनी पायी जाणाऱ्यांसाठी एक सिग्नल लावला होता. बटण दाबायचं, थांबायचं, हिरवा माणूस दिसला की रस्ता ओलांडायचा. थांबायचं किती, हे ठरवायला चार दिवस माणसं बसवून गाड्या मोजल्या. पायी चालणारे कुणी मोजलेच नाहीत. अहो, मोजणार कसे? छापील कागदावर मोटार, बस, ट्रक, दुचाकी असे रकाने. माणसाला रकानाच नव्हता! संध्याकाळी गाड्यांची रांग मागच्या चौकाला भिडू नये म्हणून एकशे दहा सेकंद ठरले. साहेबांनी पाठ थोपटली.

लोक कसले थांबतात? बटण दाबायचे, अर्धा मिनिट चुळबुळायचे आणि जीव मुठीत धरून पळायचे. ताई तेवढी थांबायची. ताई म्हणजे सेकंदरावांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच यांना लहानाचं मोठं केलं. भावाचं तिला कोण कौतुक! शेजारणीबरोबर बाजाराला निघाली तरी वाट वाकडी करून त्या सिग्नलपाशी न्यायची आणि सांगायची, हा आमच्या धाकट्याने लावलाय.

भावोजींचं हृदय थकलं आणि त्यांना त्याच दवाखान्यात ठेवलं. चार दिवस ताई उशापासून हलली नाही. पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं, तसं सेकंदरावांनीच तिला अंघोळीला घरी पिटाळलं. संध्याकाळी पाचला भावोजींचा श्वास बिघडला. डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. सेकंदरावांनी ताईला फोन केला, असशील तशी ये म्हणाले.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. समोरच्या थांब्यावर ताई बसमधून उतरली, बटण दाबलं आणि उभी राहिली.

"आली का?" भावोजींनी विचारलं.

"आली. समोरच आहे. आत्ता येते."

भावोजींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणून खाली धावताही येईना. दुसऱ्या हाताने फोन लावला, तर तिचा फोन पिशवीच्या तळाशी, गाड्यांच्या गोंगाटात ऐकू कसा येणार? सेकंदरावांच्या जिवाची नुसती तगमग. चाळीस झाले. गाड्यांत फट पडली, माणसं पळाली, ताई जागची हलली नाही. सत्तर झाले. ताई, मोड गं, एकदा मोड, असं ते मनात ओरडत होते. भावोजींनी अजून एकदा विचारलं. मग विचारलं नाही. मनगटावरची पकड सैल झाली तेव्हा खाली लाल दिवाच होता.

ताई धापा टाकत आली. भावोजींच्या हातात अजून ऊब होती. तो हात गालाशी धरून ती कितीतरी वेळ बसली.

बाहेरच्या बाकावर तिने सांगितलं, "बरोबरची माणसं म्हणाली, चला मावशी, गाडी नाही. पण तू लावलेला सिग्नल मीच कसा मोडू रे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सेकंदरावांना वाटलं.

आठवडा झाला आणि कुणाला न विचारता त्यांनी सिग्नलची पेटी उघडून वीस सेकंद लावले. साहेब भडकले. रांग चौकाला भिडली म्हणाले. भिडू दे, म्हणाले सेकंदराव. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे पहिलं उलट उत्तर. पायी चालणाऱ्यांचा रकाना त्यांनी पट्टी घेऊन स्वतः आखला आणि रोज संध्याकाळी तिथे उभं राहून माणसं मोजली. तो कागद साहेबांपुढे ठेवला. वीस सेकंद टिकले.

महिन्याने भावोजींचे कागद आणायला दोघं दवाखान्यात निघाली. त्यांनी बटण दाबलं. हां हां म्हणता गाड्या थांबल्या, हिरवा माणूस लागला. सेकंदरावांनी पाऊल टाकलं, पण ताई कडेलाच उभी.

"चल ना, ताई."

"लवकर झाला रे आता," ती म्हणाली. "पण आता मला कसली घाई?"

 ते मागे फिरून तिच्याजवळ उभे राहिले. दिवा पुन्हा लाल झाला, गाड्या सुटल्या.