काळं पडणारं ऑइल

मासळी निवडण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या गावात दुसरी नव्हती, हे मी आजही छाती ठोकून सांगते. कल्ला उघडून बघायची गरज नाही. नुसता डोळा बघितला की पापलेट कालचं की आजचं ते मी सांगायची. पालघरच्या बाजारात मला येताना बघून काही बायका शिळ्या पाट्यांवर फडकं ओढायच्या. या नजरेचा मला भारी गर्व होता. त्याच गर्वानं आमची गाडी खाल्ली, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एडवणच्या किनाऱ्याला आमचं घर. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी माझे थोरले दीर होडी घेऊन गेले. वादळ झालं. होडी परत आली, ते आले नाहीत. सासूनं तेराव्याला धाकट्या लेकाला, म्हणजे आमच्या ह्यांना, समोर बसवलं आणि म्हणाली, "एक दिला दर्याला. दुसरा नाय देणार. होडी विक." हे मुळात कमी बोलणारे. मान हलवली आणि महिन्याभरात होडी विकली. त्या पैशात तारापूरच्या एका ठेकेदाराची जुनी, डिझेलवर चालणारी पिकअप घेतली. निळा रंग पार विटलेला, मागचा हौदा ठिकठिकाणी चेपलेला. गावातल्या बायकांना आणि त्यांच्या पाट्यांना घेऊन आम्ही सकाळी पालघर गाठायचो आणि तिथून पुढे बोईसरच्या कामगार वस्तीत. गाडी चालू तोवर माणूस जमिनीवर, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूनं आणखी एक केलं. नारळी पुनवेला किनाऱ्यावर जाणं सोडलं. अख्खा गाव वाजतगाजत नारळ घेऊन निघायचा आणि आमची म्हातारी दाराला कडी घालून आत बसायची. कुणी बोलवायला आलं की आतूनच म्हणायची, "पोर दिलंय. आता नारळ कसला देऊ?" गावाला ते आवडत नव्हतं, पण तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

गाडीचं ऑइल बघायचं काम माझ्याकडे होतं. ह्यांना जवळचं नीट दिसायचं नाही आणि चष्मा लावायची लाज. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मी इंजिनातली पट्टी ओढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा बुडवून काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे ना ते बघायची. बोईसरचा मिस्त्री डिझेल इंजिनाचं डबाबंद ऑइल भरून द्यायचा. भरलं तेव्हा कसं छान पिवळंधमक! आणि चार दिवसांत बघावं तर पट्टीवर नुसती काजळी.

आता मी काय सांगते ते ऐका, म्हणजे माझी चूक कुठून आली ते कळेल. आमच्याकडे होडीच्या लाकडाला मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल लावतात. काळीज कढवायचं, वर निवळ तेल येतं ते घ्यायचं, खालचं काळं टाकून द्यायचं. निवळ ते चांगलं, काळं ते नासलेलं, हे मला माझ्या आईनं मी परकरात होते तेव्हा शिकवलं. मग चार दिवसांत काळं पडणारं ऑइल मी चांगलं कसं म्हणू? मी सरळ मिस्त्रीला जाऊन धरलं, म्हटलं, "नासकं ऑइल देतोस काय रे आम्हाला?"

तो उत्तरेकडचा. हसला आणि म्हणाला, "भाभी, काला होता है मतलब काम कर रहा है. इंजन का मैल उठाता है."

मी म्हटलं, मोठा आला शहाणा! मी मासळीवाली, मला काळ्याचं चांगलं करून विकतोय.

पालघरच्या बाजारामागे एका दुकानात पिंपातून सुटं ऑइल मिळायचं. मी बाटली उजेडात धरली, वास घेतला, बोटाला लावून चोळलं. अगदी निवळ. ह्यांनी एकदाच विचारलं, "अगो, मिस्त्री सुटं ऑइल नको म्हणतो ना?" मी म्हटलं, "मिस्त्रीला काय कळतंय? तुमी माझ्या नजरेवर कधी शंका घेतली नाय, ती आज घेताय?" झालं. त्यांनी तेच भरलं.

आणि काय सांगू, पट्टी स्वच्छ राहिली! महिना झाला, दोन महिने झाले, नुसता किंचित तांबूस रंग. बोईसरला गेल्यावर मी मुद्दाम पट्टी काढून मिस्त्रीच्या नाकासमोर धरली. तो या वेळी हसला नाही. "तो फिर मैल गया कहाँ, भाभी?" एवढंच म्हणाला. तर मीच हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

श्रावण लागला होता. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून आम्ही सुके बोंबील आणि जवळा घेऊन बोईसरला निघालो होतो. अर्ध्या वाटेत इंजिनातून ठकठक सुरू झाली. हे गाडी बाजूला घेतायत तोवर एक मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत नेलं. मिस्त्रीनं खालचं चेंबर उघडलं. कालवण करपून टोपाच्या बुडाला धरतं, तसा आत काळा गाळ बसला होता. ऑइल वर खेचायची जाळी त्यानं पार बुजली होती. मैल कुठे गेला होता ते मला दिसलं. इंजिन आतून खलास झालं होतं, आणि दुसरं इंजिन टाकायची आमची ऐपत नव्हती. मिस्त्रीनं ती जाळी माझ्या हातात दिली आणि हात पुसायला लागला. मेल्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी पोचलो तेव्हा सासू ओट्यावर सुकट निवडत होती. गाडीचा आवाज नाही आणि आम्ही चालत आलेलो, यावरूनच ती समजली. "काय झाला?" तिनं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "ऑइल चुकीचं भरलं, आये. मीच आणलं होतं." सासूनं सूप खाली ठेवलं. "करंट्या," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे पायाचा चिखल धूत होते.

आठ दिवसांत ह्यांनी दातिवऱ्याच्या एका होडीवर खलाशी म्हणून जायचं ठरवलं. दुसरं काय करणार? जे येत होतं ते तेवढंच.

आधीच सांगते, हे बुडाले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं दर्यावर गेले आणि दर वेळी परत आले, घरच्या अंथरुणात गेले. पण ते आज माहीत आहे. त्या श्रावणात कुणाला माहीत होतं?

नारळी पुनव आली. मी चुलीपाशी होते. बघते तर सासू नवं लुगडं नेसून उभी, हातात नारळ. मला म्हणाली, "चल." इतक्या वर्षांचा तिचा हट्ट, गावानं नावं ठेवली तरी न मोडलेला. ती माझ्यापुढे चालत किनाऱ्यावर गेली. पाण्यात गुडघ्याएवढी शिरली. नारळ सोडला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "एवढाच राहिलाय रे. एवढा ठेव." ज्या दर्याकडे तिनं पाठ फिरवली होती त्याच्यापुढे माझ्या सासूनं मान वाकवली, ती माझ्या ऑइलपायी. सांगून टाकावं असं जिभेवर आलं.

ती वळली. डोळे पुसले आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तो आंधळा हाय," म्हणाली. "पण तुझी नजर एवढी चांगली. तू तरी अडवायचंस ना गो त्याला."

"चुकलं माझं, आय," मी म्हटलं.

"जाऊ दे पोरी," ती म्हणाली. "तुझी काय चूक त्यात?"